ड्रायव्हरचं झाकण

११ जानेवारी

ताई,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न उघडताच फाडशील, म्हणून पत्ता दुसऱ्याकडून लिहून घेतलाय. आता फसून उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. कामाचं पत्र आहे.

आमच्या रणगाडा तुकडीतल्या उरलेल्या म्हाताऱ्यांची एक संघटना आहे. वर्षातून एकदा जमतो, आपापल्या गुडघ्यांविषयी बोलतो आणि घरी जातो. आमचा सचिव युद्धात रेडिओवर होता. त्याला आम्ही वायरलेस म्हणतो, कारण तो सुरू झाला की बंद करायचं बटण सापडत नाही. या वायरलेसने सात वर्षं नगरपालिकेच्या पायऱ्या झिजवल्या आणि अखेर जागा मिळवली. मी ज्या बस डेपोत आयुष्य काढलं, त्याच्याच समोरच्या चौकात चौथरा बांधतायत. त्यावर आमच्या बनावटीचा एक जुना टँक उभा राहणार आणि खाली दगडात युद्धात गेलेल्या अकरा जणांची नावं. सतरा मार्चला कार्यक्रम आहे.

त्या अकरांत भाऊजींचं नाव आहे. गेलेल्यांच्या घरच्यांत आता सगळ्यांत वडील तू. म्हणून पडदा तू ओढावास अशी सगळ्यांची इच्छा आहे. तुझा पत्ता माझ्याशिवाय कुणाकडे नव्हता. मी लिहिणार नव्हतो, पण वायरलेस लागोपाठ पाच दिवस माझ्याकडे येऊन चहा पीत बसला. त्याला घरातून घालवायचा दुसरा मार्ग मला सुचला नाही.

छोट्या पुस्तिकेसाठी भाऊजींचा एक फोटो लागेल. टोपी नसलेला असला तर बरा. टोपीत सगळे सारखेच दिसतात.

मी बरा आहे. दोन दात कमी झालेत, बाकी सामान जागच्या जागी आहे. कार्यक्रमाला मी मागच्या रांगेत बसेन. माझ्याशी बोलावं लागेल या भीतीने येणं टाळू नकोस, तसा आग्रह कुणीच करणार नाही.

तुझा धाकटा


२९ जानेवारी

ताई,

फोटो मिळाला. सोबतची चिठ्ठीही मिळाली. 'येणार नाही. फोटो परत पाठवणे.' याहून जास्त शब्द तर वीजमंडळाच्या नोटिशीत असतात. पण उत्तर आलं हेच मला पुष्कळ आहे.

फोटो त्याच दिवशी छापखान्यात देऊन परत आणला आणि या पाकिटात पुठ्ठा लावून ठेवलाय. भाऊजी दारातल्या पायरीवर बसलेत, डोळे अर्धे मिटलेले. आम्ही त्यांना झोप्या म्हणायचो हे तुला ठाऊक आहे. टँक दहा मिनिटं थांबला तरी हा माणूस ड्रायव्हरच्या जागेवर बसल्या बसल्या घोरायला लागायचा आणि आम्हाला वर ते कानाला लावलेल्या फोनवर ऐकू यायचं. मीच त्यांना पहिल्यांदा आपल्या घरी घेऊन आलो तेव्हाही ते जेवून उठले आणि बैठकीत झोपले. तू आईला विचारलंस, "हा पाहुणा आजारी आहे का?" आणि चार महिन्यांनी त्यांच्याशीच लग्न केलंस.

टँक आला. भंगाराच्या आवारातून ट्रेलरवर घालून आणला आणि क्रेनने चौथऱ्यावर ठेवला. आत इंजिन नाही, रंगाचे पोपडे निघालेत, एका बाजूचा पट्टा अर्धाच आहे. पण बनावट तीच. मला वाटलं होतं बघून रडू येईल. प्रत्यक्षात मी पूर्ण वेळ क्रेनवाल्याला शिव्या घालत होतो, कारण त्याने साखळी भलत्याच ठिकाणी अडकवली होती.

एकच अडचण झालीय. टँकचा ड्रायव्हर पुढे, खाली, एकटा बसतो. त्याच्या डोक्यावर एक जाड लोखंडी झाकण असतं, तोच त्याचा दरवाजा. तोफ सरळ पुढे असली की नळी बरोबर त्या झाकणावरून जाते आणि झाकण उघडत नाही. हा टँक तसाच आलाय. मी कंत्राटदाराला सांगितलं, नळी बाजूला घ्या.

"काका, सरळच शोभून दिसते. नकाशातही तशीच दाखवलीय."

"शोभा राहू दे. बाजूला घे."

"अहो, गंजून जाम झालीय ती. आणि आत बसायचंय कुणाला? मी तर म्हणतो चारही झाकणं वेल्डिंग करून टाकू."

वायरलेससुद्धा त्याचीच री ओढायला लागला. तेव्हा मी सांगून टाकलं, की तोफ त्या झाकणावर राहिली तर सतरा तारखेला मी 'हजर' म्हणणार नाही.

हे तुला कळणार नाही, सांगतो. आमच्याकडे हुद्द्याप्रमाणे नावं वाचत नाहीत. एकेक टँक घेतात आणि बसायच्या जागांप्रमाणे वाचतात. कमांडर, तोफ चालवणारा गनर, गोळे भरणारा लोडर, ड्रायव्हर. जिवंत असेल तो हजर म्हणतो. जो गेला त्याच्या नावानंतर वायरलेस तीन श्वास थांबतो, आणि तेवढा वेळ तोही गप्प असतो. आमच्या टँकची पाळी आली की आधी साहेबांची शांतता. मग गनर, तो मी. मग दोन शांतता, लोडरची आणि भाऊजींची. अडतीस वर्षं मी हे दरवर्षी म्हणत आलोय.

कंत्राटदार म्हणाला, मग तुम्हीच हलवून दाखवा. उद्यापासून जातोय. हट्ट कशासाठी ते विचारू नकोस. म्हातारचळ समज.

धाकटा


१४ फेब्रुवारी

ताई,

काल ठमीचं पत्र आलं. तुझ्या टेबलावरची माझी दोन्ही पत्रं तिने वाचली आहेत, तेव्हा आधी तिला ओरडून घे.

ती लिहिते, 'मामा, आईला मी आणते, काळजी करू नका. मला बाबांच्या जागेवर बसायचंय. झाकण लावून बसायचंय. मला बाबा आठवतच नाहीत, दोन वर्षांची होते. निदान त्यांना आतून काय दिसायचं ते तरी बघते.' आणि खाली, 'माझ्या लग्नाला का आला नाहीत, हे आता चाळिशीत विचारलं तर चालेल ना?'

ताई, तिला थांबव. तिथे गंज आहे, धारदार पत्रे आहेत, कपडे खराब होतील. मी ही वाक्यं लिहिली, वाचली आणि मलाच हसू आलं. ज्या पोरीने एकटीने दोन मुलं वाढवली ती कपड्यांना भिणार आहे होय?

तिच्या लग्नाला मी घरातून निघालो होतो. नवे बूट घातले होते. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षा सोडली, मंडपातला आवाज ऐकला आणि उलट पावली परत आलो. घरी येऊन सांगितलं, की ताईने दारातूनच परत पाठवलं. तुझी भावजय बिचारी दोन दिवस तुझ्यावर चिडून होती. मग तू तिला ते पत्र लिहिलंस, की माझ्या भावाला माझ्यापासून तोडलंस, तुझं कधी भलं होणार नाही. तिने ते वाचलं, घडी घालून साड्यांच्या खाली ठेवलं आणि मला एका शब्दानेही विचारलं नाही. ती गेली तेव्हा कपाट आवरताना सापडलं. तिच्या डोक्यावर जे खापर तू फोडलंस ते माझं होतं आणि मी वीस वर्षं ते फुटू दिलं.

आणखी एक आहे. लग्नानंतरच्या वर्षी तू डेपोवर आली होतीस. मी रजेवर आहे असं तुला सांगितलं. मी रजेवर नव्हतो. तू जिथे उभी होतीस तिथून सहा पावलांवर, बसच्या खाली, दुरुस्तीच्या खड्ड्यात उभा होतो. शेजारच्या फिटरला मीच तसं सांगायला लावलं. खड्ड्यातून मला तुझ्या चपला दिसत होत्या. डाव्या चपलेचा अंगठा शिवलेला होता. तू तासभर बाकावर बसून राहिलीस आणि मी तासभर एकच नट आवळत आणि सैल करत राहिलो. फिटरने दिलेलं पाणीही तू घेतलं नाहीस.

हे सगळं का, असं तू आता विचारशील. विचारणार नसलीस तर ठमी विचारेल. मी पोरीला काय सांगू? रोज सकाळी केरोसीन, ग्रीस आणि हातोडी घेऊन टँकमध्ये उतरतो आणि गनरच्या जागेवर बसतो. वर तोफ फिरवायचं एक हँडल असतं, ते गंजून दगड झालंय. बसल्या बसल्या काय लिहायचं ते मनात जुळवतो आणि बाहेर येईपर्यंत मोडतो. काल हँडल हललं. एक बोटभर.

तिला थांबवू नकोस. मला एक पत्र लिहायला अवधी दे.

धाकटा


२ मार्च

ताई,

एका बैठकीत लिहितोय. परत वाचणार नाही, नाहीतर पाठवणार नाही.

मी हॉस्पिटलमधून थेट तुझ्याकडे आलो होतो. तू उंबऱ्यात उभी होतीस, ठमी कडेवर. तू बस म्हणाली नाहीस, पाणी विचारलं नाहीस. एवढंच विचारलंस, "त्यांना त्रास झाला का रे?" मी म्हणालो, "नाही गं. क्षणात. कळलंही नाही त्यांना. मी होतो ना तिथे." ते खोटं होतं.

गोळा वरच्या फिरत्या भागाला लागला, जिथे आम्ही तिघं बसायचो. साहेब आणि लोडर तिथल्या तिथे गेले, हे खरं आहे. खाली पुढे भाऊजींना खरचटलंही नव्हतं. इथून पुढे मी त्याला अरे-तुरे करणार आहे. घरी तो भाऊजी होता, टँकमध्ये माझा दोस्त होता आणि दोस्त म्हणूनच त्याच्याशी शेवटचं बोललो.

टँक कालव्याजवळच्या चिखलात रुतला होता. तळाला सुटकेचं एक झाकण असतं, ते चिखलात गेलेलं. मागून आमच्याकडे यायची वाट गोळ्यांच्या रॅकने अडलेली. त्याला बाहेर यायला एकच रस्ता होता, डोक्यावरचं झाकण. आणि त्यावर माझी तोफ होती.

आम्हा चौघांचा एक नियम होता. कुठल्या पुस्तकात लिहिलेला नव्हे, आमचा आमचा. टँक सोडायची वेळ आली तर गनरने तोफ बाजूला केल्याशिवाय जागेवरून उठायचं नाही. निघताना तो दर वेळी विचारायचा, "घेशील ना बाजूला?" मी म्हणायचो, "तू झोप." साहेब हसायचे.

वीज गेली होती, म्हणून तोफ हाताने फिरवायची होती. हँडलचा एक फेरा मारला की नळी वीतभरसुद्धा सरकत नाही. मागून आग येत होती. कानाला लावलेल्या फोनवर त्याचा आवाज आला, "तोफ घे रे बाजूला." घाबरलेला वगैरे नव्हता. बस थांबव म्हणतात तसं म्हणाला. मी फिरवायला लागलो. त्याने विचारलं, "झालं का?" मी म्हणालो, "होतंय." मी नऊ फेरे मारले. मोजत होतो, ती सवयच असते. मग माझी बाही पेटली. ती मी विझवली. म्हणजे हात भाजला म्हणून हँडल सोडलं असं नाही, तसं मी डॉक्टरला सांगितलं, आणि तुलाही ते बँडेज दिसेल असं धरून उभा होतो. हात चालत होता. मला भीती वाटली, ताई. दुसरं काहीच कारण नाही. त्याने पुन्हा विचारलं, "झालं का रे?" मी पुन्हा म्हणालो, "होतंय." आणि कानावरचे फोन काढले आणि वर चढलो.

मी ते फोन फेकलेही नाहीत. नेहमीसारखे हुकाला अडकवले.

बाहेर पडून पळालो. पुढच्या बाजूला पाहिलं नाही. कालव्याच्या पलीकडच्या काठावर चढत होतो तेव्हा टँक फुटला.

सुरुवातीला मी तुझ्याकडे यायचो ते तुला आठवत असेल. ठमीला खांद्यावर घ्यायचो, तुझा नळ दुरुस्त करून द्यायचो. मला वाटायचं, हातून होईल तेवढं करत राहू. पण तुझ्या घरात तू दिवसातून दहा वेळा तेच दोन शब्द म्हणायचीस. स्वयंपाकघरातून हाक मारून विचारायचीस, "आंघोळ झाली का रे?" नळाशी वाकलेलो असायचो आणि मागून, "झालं का?" मी "होतंय" म्हणायचो आणि हातातलं काम टाकून बाहेर जायचो. मग ठमी बोलायला लागली आणि तीही तेच विचारायला लागली. येणं कमी केलं. मग बंद केलं. माझ्या घरी तुझ्या भावजयीला मी ते दोन शब्द म्हणू दिले नाहीत. तिला वाटायचं मी तिरसट आहे. तसा मी आहेही.

मी माफी मागत नाही. मागायची कशाच्या जोरावर? तुला सांगायचं राहिलं होतं ते सांगितलं.

तुझा भाऊ


१० मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. मी उत्तराची वाट पाहत होतो असं म्हणवत नाही, कारण रोज पोस्टमन दिसला की मी आत जायचो.

'पत्र वाचलं आणि जाळलं. ठमीला सांगायचं नाही. ती त्या एका वाक्यावर वाढलीय. मीही त्यावरच इतकी वर्षं काढली. माझं तू काढून घेतलंस, तिचं राहू दे. आम्ही सोळाला संध्याकाळी पोचतो.'

बरं.

तू शिव्या घातल्या असत्यास तर सोपं गेलं असतं, असं लिहिणार होतो. लिहीत नाही. माझं सोपं करणं हे तुझं काम नाही.

टँकची बातमी एवढीच, की तोफ फिरली. परवा सकाळी हँडलने अचानक कुरकूर करून पूर्ण फेरा घेतला, मग दुसरा. कंत्राटदार खाली उभा होता. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाला, "काका, नकाशा बदलावा लागणार." वायरलेसने त्याला चहा पाजला आणि दोन तास सोडलं नाही. नळी आता उजवीकडे आहे, ड्रायव्हरच्या डोक्यावर मोकळं आभाळ आहे. झाकणाला तेल दिलंय. ठमीला एका हाताने उघडेल.

तिच्या लग्नाचं विचारलं तर सांगेन, की त्या दिवशी माझं पोट बिघडलं होतं. हे तिला पटणार नाही, पण ती हसेल.

धाकटा


१९ मार्च

ताई,

तू तिथेच होतीस, तरी लिहितोय. माझ्या बाजूने ते कसं दिसलं हे तुला ठाऊक असण्याचं कारण नाही.

तू गाडीतून उतरलीस तेव्हा मी तुला ओळखलं नाही. ठमीला आधी ओळखलं आणि मग तिच्या आधाराने चालणारी बाई तू असणार असा हिशोब केला. तू माझ्याकडे पाहिलंस आणि "किती वाळलास" म्हणालीस. एवढ्या वर्षांनी तेवढंच, आणि तेही रागावल्यासारखं. मी खुर्च्या मोजायला लागलो.

ठमी तर थांबायलाच तयार नव्हती. सतराला लोक यायच्या आधी चढली, चपला काढून ठेवल्या आणि पाय सोडून सरळ आत गेली. ड्रायव्हर तसाच उतरतो, आधी पाय. तिला कुणी शिकवलं नव्हतं. झाकण लावून घेतलं. आम्ही दोघं बाहेर, तू जमिनीवर, मी चौथऱ्यावर. माझा हात नळीवर होता. नळी बाजूला आहे हे दिसत होतं तरी मी ती धरून उभा होतो, जणू सोडली तर परत फिरेल. ती आत किती वेळ होती? मला विचारशील तर अर्धा दिवस. तू माझ्या हाताकडे बघत होतीस. चेहऱ्याकडे एकदाही बघितलं नाहीस.

झाकण उघडलं. केसात गंज, कपाळाला ग्रीस, आणि ती हसत होती. म्हणाली, "मामा, केवढा अंधार आहे हो. समोरची फट सोडली तर काहीच दिसत नाही." मग तिथेच कमरेपर्यंत उभी राहिली, झाकणावर हात फिरवला आणि विचारलं, "इथून बाहेर यायला बाबांना वेळच मिळाला नसेल, नाही?"

तिने मला विचारलं होतं. मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते मला आजही सांगता येणार नाही. तुला दिलेला शब्द मी पाळला असता, असं छातीवर हात ठेवून म्हणवत नाही. पण तू आधी बोललीस.

"नाही गं. क्षणात. कळलंही नाही त्यांना. मामा होता ना तिथे, विचार त्याला."

शब्दन्‌शब्द तेच. उंबऱ्यात मी ज्या क्रमाने म्हणालो होतो त्याच क्रमाने. फरक एवढाच, की तुझ्या तोंडून ते खरं वाटलं. मलासुद्धा. ठमीने माझ्याकडे पाहिलं आणि मी म्हणालो, "हो."

अडतीस वर्षं मी धरून चाललो होतो, की हे एकदा तुझ्यापुढे ठेवलं की मी सुटेन. ठेवलं. आता तुला पोरीच्या तोंडावर खोटं बोलावं लागतंय, आणि इथून पुढे ती जेव्हा जेव्हा बापाचा विषय काढेल तेव्हा बोलावं लागेल. माझी बायको माझ्यासाठी बोल ऐकून घेत गेली, तू माझ्यासाठी खोटं बोलशील. माणसं वापरायची माझी सवय गेलेली नाही. हे मला त्या चौथऱ्यावर उभं असताना कळलं, कार्यक्रमाच्या आधी वीस मिनिटं.

पडदा तू छान ओढलास. अडकला तेव्हा झटका दिलास, तो मला आवडला. वायरलेसने नावं वाचली. आमचा टँक आला. साहेब. शांतता. मग माझं नाव. मी हजर म्हणालो. बाकी काय म्हणणार? मग लोडर, मग भाऊजी. त्या शेवटच्या तीन श्वासांत मी तुझ्या पाठीकडे बघत होतो. तू ताठ बसली होतीस आणि ठमी डोळे पुसत होती.

गाडीत बसल्यावर तू काच खाली केलीस आणि ठमी सामान ठेवत होती तेवढ्यात विचारलंस, "नऊ मारलेस. राहिले किती होते?"

मी म्हणालो, "आठवत नाही."

तू काच वर केलीस.

खरं म्हणजे ते नक्की सांगता येत नाही, ताई. टँक तिरका असला की तोफ जड जाते, चाकाचे दाते झिजलेले असले तर फेरा वाया जातो. त्यातून नळी सुरुवातीला अगदी मध्यावर होती की थोडी इकडेतिकडे, यावरही अवलंबून असतं. धूर होता, घाई होती. इतक्या वर्षांनी आकडा सांगणं म्हणजे अंदाजच.

प्रवास नीट झाला असेल. पोचल्याचं कळव.

धाकटा


२७ मार्च

ताई,

पोचल्याचं तू कळवलं नाहीस. कळवणार नाहीस.

मागच्या पत्रात दात्यांबद्दल आणि धुराबद्दल जे लिहिलं ते तू वाचून बाजूला ठेवलं असशील. तीस-चाळीस वर्षं यंत्रात हात घालणाऱ्या माणसाला अंदाजाने बोलायची गरज पडत नाही, हे तुलाही कळतं.

आमचा जळलेला टँक तीन आठवड्यांनी ओढून आणला, तेव्हा मी हॉस्पिटलातून सुटून तुझ्याकडे यायला निघालो होतो. थेट आलो असं तुला लिहिलं, तेही खरं नव्हतं; त्याआधी लष्कराच्या वर्कशॉपवर गेलो. तिथल्या फिटरने तोफ अर्धवट फिरून थांबलेली पाहिली होती. कुणीतरी ती फिरवत होतं आणि मध्येच सोडली, हे त्याला न सांगता समजलं. त्याने हँडल मोकळं केलं आणि झाकण पूर्ण उघडेपर्यंत तोफ फिरवली, मोजत. त्याने ते कुठल्या कागदावर लिहिलं नाही. मला बाजूला नेऊन कानात सांगितलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मी झटकला आणि तिथून सरळ तुझ्या दारात आलो. म्हणजे उंबऱ्यात तू विचारलंस तेव्हा मला आकडा माहीत होता.

तुला पुन्हा काही द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण हे तू स्वतः मागितलंस, आणि न सांगणं म्हणजे परत खड्ड्यात उभं राहून तुझ्या चपला बघणं. बाकी जे तू विचारलेलं नाहीस ते माझ्याकडेच राहील, ते कुणाला देणार नाही. ठमीला तर नाहीच.

तू विचारलंस तेवढ्याचं उत्तर देतो.

चार.